रिपोर्ट नॉर्मल, मग पेशंट गंभीर कसा?



आयसीयूच्या दारात बसलेले नातेवाईक हमखास विचारतात, "सिस्टर, काल पोटॅशियम नॉर्मल होतं. आज एवढं कमी कसं झालं? औषध चुकलं का?" नर्सच्या नोकरीत हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला. दरवेळी चूक झालेली नसते.

शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, बाहेर जेमतेम २ टक्के. लॅब मोजते ते हे बाहेरचं. त्याचा नॉर्मल आकडा साधारण ३.५ ते ५. लाल पेशीच्या आत मात्र तो शंभराच्या आसपास असतो. ओट्यावरचा डबा भरलेला दिसला, तरी कोठीत धान्य किती उरलं ते कळत नाही, तसंच हे.

पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कचे येन्स स्काऊ यांनी १९५७ साली त्यावरचा शोध मांडला. १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं. गंभीर आजारात हा पंप मंदावू शकतो. म्हणून संशोधकांनी अत्यवस्थ रुग्णांच्या लाल पेशींतले क्षार मोजून पाहिले, कारण या पेशी साध्या सुईनं मिळतात. रोजच्या उपचारात मात्र ही तपासणी होत नाही.

मधुमेहाचंच घ्या. बाबासाहेबांनाही तो होता. साखर फार वाढून रक्तात आम्ल साचलं की पोटॅशियम लघवीवाटे जातं, तरी रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. इन्सुलिन सुरू झालं की उरलेलं पोटॅशियम पेशींत शिरतं, आकडा घसरतो आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणूनच दर दोन-चार तासांनी रक्त घेतात. ती लूट नव्हे, पहारा आहे.

उलटही घडतं. रक्त घेताना लाल पेशी फुटल्या, तर आकडा खोटाच वाढलेला येतो.

म्हणून न घाबरता विचारा : आकडा किती? नमुना खराब झाला नव्हता ना? ईसीजी काढला का? घरी इन्सुलिन मनानं बंद करू नका. किडनीच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नारळपाणी देऊ नका.

प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे. उत्तर समजेपर्यंत विचारा.

नमो बुद्धाय, जयभीम.