पऱ्हाटीची फळी



कापसाची वेचणी संपली, की मानवत-सेलूकडच्या शिवारात नुसती पऱ्हाटी उरते. एका हेक्टरात ती साधारण २ ते ३ टन निघते. थोडी चुलीला जाते, बाकीची बांधावर रचतात किंवा पेटवून देतात. शेतात राहिलेल्या पऱ्हाटीत आणि वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. २०१७ साली या अळीने काय केले, ते आपण पाहिलेच आहे. म्हणून पऱ्हाटी वेळेवर उपटून तिचा बारीक भुगा करावा. आणि त्या भुग्याचे काही चीज होत असेल, तर करून घ्यावे.

पऱ्हाटी म्हणजे एक प्रकारचे लाकूडच. वाडवडील तिचे कूड घालून वर शेणमाती लिंपीत. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली निघालेल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने या भुग्याच्या फळ्या करण्याची रीत बसवली. त्यात चिकटवायला कृत्रिम राळ असते. राळेऐवजी सिमेंट वापरले, तर फळी जड होते; पण तिला वाळवी सहसा लागत नाही आणि ती चटकन पेटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, भुगा आणि सिमेंट कालवले की झाले! तसे नाही. पऱ्हाटीत साखरेसारखे पदार्थ असतात. ते पाण्यात उतरून सिमेंटच्या कणांना वेढतात आणि सिमेंट घट्ट होत नाही. जुने गवंडी चुन्यात गूळ घालीत. सिमेंटला मात्र गोड सोसत नाही.

म्हणून भुगा चाळून दिवसभर पाण्यात भिजवावा, ते तांबूस पाणी ओतून द्यावे आणि भुगा पुन्हा धुवावा. मग वजनाने अडीच-तीन पट सिमेंट मिसळून साच्यात दाबावे. एक दिवस दाबाखाली आणि पुढे तीन-चार आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवावे. लवकर घट्ट व्हावे म्हणून कारखान्यात थोडे कॅल्शियम क्लोराइड घालतात. पण ते लोखंडाला गंजवते, म्हणून अशा फळीत तार घालू नये.

गुरुजी, शाळेत एक प्रयोग करा. डब्याची तीन झाकणे घ्या. एकात नुसते सिमेंट, दुसऱ्यात न धुतलेला भुगा घातलेले, तिसऱ्यात धुतलेला भुगा घातलेले सिमेंट भरा. सिमेंट तिन्हींत सारखेच घ्या आणि ते कालवताना हातात मोजे घाला. दुसऱ्या दिवशी खिळ्याने टोचून पाहा. धुण्याने किती फरक पडला, ते मुलांना आपोआप कळेल.

ही फळी आडभिंतीला आणि छताखालच्या तक्तपोशीला चालते. घराचा भार तिच्यावर देऊ नये. खर्च मुख्यतः सिमेंटचाच. तेव्हा यंत्राला पैसे घालण्याआधी ही तीन झाकणे भरून पाहा, आणि आपल्या भुग्याची एक फळी करून ती एक पावसाळा कशी टिकते तेही बघा. मगच काय ते ठरवा.