वेलोड्रोमचे कललेले वळण

वळण घेणाऱ्या कोणत्याही वस्तूला आतल्या दिशेने ओढणारे बल लागते, ज्याला केंद्राभिमुख बल म्हणतात. ते अपुरे पडले की वस्तू सरळच जाऊ पाहते, आणि म्हणूनच भिवंडीच्या पूर्णा-काल्हेरकडील गोदामांतून भरून निघालेला ट्रक वेगात वळवला, तर दोरीने न आवळलेली खोकी बाहेरच्या फाळक्यावर जाऊन आदळतात. सायकलशर्यतीच्या वेलोड्रोममध्ये हे बल एकट्या टायरच्या घर्षणावर न सोपवता जमीनच आत कलती केलेली असते. २५० मीटरच्या धावपट्टीत वळणाची त्रिज्या सुमारे २२ मीटर धरली, तर ४२ अंशांच्या उतारावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलचा भार पृष्ठभागावर जवळजवळ काटकोनात पडतो. ताशी ६० किलोमीटरसाठी मात्र ५२ अंश हवेत. पण इतका चढा उतार सावकाश जाणाऱ्याला खाली घसरवील, त्यामुळे उरलेले दहा अंश घर्षणाच्याच खात्यावर राहतात.

सरळ भागही सुमारे १२ अंशांनी कललेला असतो, आणि तेथून वळणापर्यंत उतार हळूहळू वाढत जातो. आतल्या कडेपासून २० सेंटिमीटरवरच्या काळ्या रेषेवर फेरीची लांबी मोजतात. तिच्या बाहेर लाल रेषा असते. अंतिम झुंजीत तिच्या आतून पुढे असलेल्या स्वाराला मागच्याने बाहेरूनच ओलांडायचे असते, आणि बाहेरची वाट महाग पडते, कारण वळणांवर उताराने एक मीटर वर राहिले तरी फेरीत साडेचार मीटरांहून अधिक अंतर वाढते. ही उंची वाया जात नाही, हीच या खेळातील खरी गंमत: सात मीटर रुंद उताराचा माथा साडेचार मीटरांवर उंच असतो, आणि तेथून खाली झेपावणारा स्वार साठवलेली स्थितिज ऊर्जा वेगाच्या रूपात वसूल करतो. त्याच्या सायकलला ब्रेक नसतात, आणि मागचे चाक फिरत असेतो पेडलही थांबत नाही.

पुण्यात बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिले. तेथील वेलोड्रोम उघड्यावरचे आहे, तर दिल्लीचे २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेले वेलोड्रोम छताखालचे आणि लाकडी आहे. महाराष्ट्राच्या पावसाळ्यात हा फरक मोठा ठरतो, कारण ओल्या उतारावर घर्षण कमी होते आणि वरच्या हिशेबातील ते दहा अंश भरून निघत नाहीत.