पुराआधीचा खर्च

ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात पूर हा अपघात नव्हे. तो ऋतुचक्राचाच भाग आहे. राष्ट्रीय पूर आयोगाने १९८० मध्ये केलेल्या अंदाजानुसार आसामचे सुमारे ३१ लाख हेक्टर, म्हणजे राज्याच्या जवळजवळ ४० टक्के क्षेत्र, पूरप्रवण आहे. तरीही दर पावसाळ्यात प्रशासनाची भाषा ‘अचानक ओढवलेल्या संकटा’चीच असते. मदत छावण्या, धान्यवाटप आणि नुकसानीचे पंचनामे यांतच पूरनीती संपते.

तिचा दुसरा आधार म्हणजे नदीकाठचे मातीचे तटबंध. बिहारमध्ये १९५४ साली ते जेमतेम १६० किलोमीटर होते. पुढील अर्धशतकात ही लांबी ३,००० किलोमीटरच्या पलीकडे गेली. याच काळात राज्याचे पूरप्रवण क्षेत्र मात्र २५ लाख हेक्टरांवरून सुमारे ६८ लाख हेक्टरांवर पोहोचले. या वाढीचे सारे खापर तटबंधांवर फोडता येणार नाही. पण १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा तटबंध फुटला, तेव्हा नदीत त्याच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी पाणी होते. नदीने जुना मार्ग धरला आणि पुराची सवय सुटलेल्या गावांतील तीस लाखांहून अधिक लोकांना त्याचा फटका बसला. तटबंध सुरक्षिततेची खात्री देतो आणि त्या खात्रीपोटी घराची, शेताची, गावाची स्वतःची तयारी लोप पावते.

ही तयारी कशी असते, हे आसामातील मिसिंग समाजाच्या ‘चांग घरां’त दिसते. बांबूच्या खांबांवर उचललेल्या या घरांच्या जमिनीची उंची मागच्या मोठ्या पुराची आठवण ठेवून ठरवली जाते. याउलट, प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरासाठी सरकारी साहाय्य सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर डोंगराळ भागांत आणि ईशान्य भारतात १ लाख ३० हजार रुपये असे ठरले. ते भूप्रदेशावर अवलंबून आहे, पूरपातळीवर नाही. जोते चार फूट उंच करायचे तर भरावाचा व दगड-विटांचा खर्च गरीब कुटुंबाने कोठून आणावा?

शेतीतही उपाय हाताशी आहेत. आसामचे ‘बाओ’ भात पाण्यासोबत उंच वाढते; ते पावसाळ्यापूर्वी पेरून हिवाळ्यात कापतात. ओडिशातील एका पारंपरिक वाणातून मिळालेला जनुक स्वर्णा जातीत आणून सिद्ध केलेले ‘स्वर्णा-सब १’ हे वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाले. ते सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरते. मात्र हे बियाणे पेरणीपूर्वी गावात पोहोचले तरच त्याचा उपयोग. पहिल्या पुरात रोपे वाहून गेली तर दुबार लावणीसाठी उंचवट्यावरची सामुदायिक रोपवाटिका हवी.

गावाच्या पातळीवरील कामेही साधीच आहेत. हातपंप पूररेषेच्या वर उचलणे, जनावरांसाठी मातीचा उंच ओटा व त्यावर वैरणीचा साठा, वापरण्याजोग्या नावा, आणि गरोदर स्त्रिया, वृद्ध व अपंग यांना प्रथम कोण हलवणार याची ठरलेली यादी. जनावरे मागे ठेवून लोक घर सोडत नाहीत. म्हणून जनावरांचा ओटा हाही माणसांचे प्राण वाचवण्याचाच उपाय आहे.

प्रश्न पैशाच्या अभावाचा असण्यापेक्षा त्याच्या क्रमाचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीकरिता सुमारे १ लाख ६० हजार कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील ८० टक्के वाटा आपत्तीनंतरच्या मदतीसाठी व पुनर्बांधणीसारख्या कामांसाठी, तर २० टक्के धोका कमी करण्यासाठी होता. प्रतिबंधासाठी स्वतंत्र वाटा राखला जाणे हे मोठेच पाऊल होते. पण तो पैसाही पुन्हा तटबंधांच्या डागडुजीतच जिरला, तर घराचे जोते आहे तेथेच राहील.

म्हणून या निधीतील ठरावीक हिस्सा पूरप्रवण ग्रामपंचायतींकडे थेट जावा. प्रत्येक गावात सर्वोच्च पूरपातळीची खूण कायमची कोरावी आणि सरकारी पैशातून बांधलेले कोणतेही घर, शाळा वा आरोग्य उपकेंद्र त्या खुणेखाली असू नये. कामे उन्हाळ्यातच पुरी व्हावीत. नदी दरवर्षी येणारच आहे. सरकारने तिच्या आधी गावात पोहोचले पाहिजे.