वाहनाचे पासिंग : नियम, केंद्र आणि आपली जबाबदारी

मंडळातर्फे दरवर्षी अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाण्यासाठी अकोल्याहून गाड्या ठरविल्या जातात. वर्गणी गोळा करणे, नावे लिहून घेणे, शिदोरी बांधणे ही कामे आम्ही सभासद वाटून घेतो. काही वर्षांपूर्वी गाडी ठरविण्याचे काम आमच्या वाट्याला आले. भाडे कमी सांगितले म्हणून आम्ही एक जुनी मिनीबस पक्की केली आणि चार पैसे वाचविल्याचे समाधान मानले. अमरावतीच्या अलीकडे परिवहन खात्याच्या वायुवेग पथकाने गाडी थांबविली. तिचे पासिंग चार महिन्यांपूर्वीच संपलेले होते. मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेले, एक हेडलाइट बंद आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. गाडी तिथेच अडकली. दुसरी गाडी येईपर्यंत म्हाताऱ्या आयाबाया आणि लहान मुले रात्री अकरापर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहिली.

त्या वेळी शेजारी बसलेल्या एका आजींनी आम्हाला विचारले, "बाबू, तू त बँकेत दुसऱ्याचे कागद तपासतो ना? मंग आपल्या गाडीचा कागद काऊन नाही पाह्यला?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पथकाने गाडी अडविली याचा त्या रात्री आम्हाला राग आला होता. पुढे विचार केला तेव्हा लक्षात आले की, त्या अधिकाऱ्याने आमची अडवणूक केली नव्हती, तर आमच्या माणसांना वाचविले होते. त्यानंतर या विषयाची माहिती आम्ही मिळवीत गेलो. सभासद बंधू-भगिनींना आणि विद्यार्थी मित्रांना ती उपयोगी पडावी म्हणून येथे मांडत आहोत.

पासिंग म्हणजे काय?

आपण बोलताना 'पासिंग' किंवा 'फिटनेस' म्हणतो. त्याचे कायद्यातील नाव 'योग्यता प्रमाणपत्र' असे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनाजवळ, म्हणजे भाड्याने माणसे किंवा माल वाहणाऱ्या वाहनाजवळ, चालू मुदतीचे योग्यता प्रमाणपत्र नसेल तर त्या वाहनाची नोंदणीच वैध धरली जात नाही. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आरसी बुक खिशात आहे, कर भरलेला आहे, विमाही काढलेला आहे, तरीही पासिंग संपलेली रिक्षा किंवा टेम्पो कायद्याच्या दृष्टीने नोंदणी नसलेल्या वाहनासारखाच ठरतो.

मुदत किती?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ६२ मध्ये मुदती दिलेल्या आहेत. २०१८ साली त्यांत बदल झाला. नव्या परिवहन वाहनाला पहिली दोन वर्षे मिळतात. त्यानंतर वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग करावे लागते. वाहन जुने होत जाईल तशी त्याची झीज वाढते. म्हणून तपासणीही लवकर लवकर होते.

घरगुती मोटारसायकल, स्कूटर व कार यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या नोंदणीची मुदत १५ वर्षे असते. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करून आणि वाहन दाखवून पुढील पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करता येते. आपल्या राज्यात अशा जुन्या वाहनांवर पर्यावरण करही भरावा लागतो. महाविद्यालयात जाणारी मुले जुनी मोटारसायकल घेताना इंजिनाचा आवाज ऐकतात आणि रंग पाहतात, पण आरसी बुकावरील नोंदणीची मुदत पाहत नाहीत. स्वस्तात मिळालेल्या गाडीच्या मुदतीचे दोनच महिने उरले असतील तर तो व्यवहार स्वस्त राहत नाही.

पीयूसी ही आणखी वेगळी बाब आहे. ते केवळ धुराच्या प्रदूषणाचे प्रमाणपत्र असते. पहिल्या नोंदणीला एक वर्ष झाल्यानंतर पेट्रोल, डिझेल व गॅसवरील प्रत्येक वाहनाला ते लागते. भारत स्टेज चार व त्यापुढील वाहनांना ते एक वर्षासाठी आणि त्याआधीच्या वाहनांना सहा महिन्यांसाठी मिळते. पेट्रोल पंपावर पीयूसी काढली म्हणजे पासिंग झाले, असा समज आम्हाला अनेक ठिकाणी आढळला. तो साफ चुकीचा आहे.

केंद्र कोठे शोधावे?

गाडीच्या क्रमांकातील पहिले दोन आकडे नोंदणीचे कार्यालय सांगतात. एमएच ३० अकोल्याचे, २७ अमरावतीचे, २९ यवतमाळचे, ३१ नागपूर शहराचे. पासिंगसाठी प्रथम आपल्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे आपल्या बोलण्यातील आरटीओत, चौकशी करावी. मात्र कार्यालय आहे म्हणजे तेथे प्रत्येक तपासणी होतेच असे गृहीत धरू नये. पुण्यातील एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ब्रेक तपासणीसाठी २५० मीटर लांबीच्या ट्रॅकचा आग्रह धरला. २०१७ मध्ये असा ट्रॅक नसलेल्या कार्यालयांतील पासिंग थांबविण्याचा आदेश झाला आणि अनेक वाहनधारकांना शेजारच्या जिल्ह्यात जावे लागले.

त्यानंतर स्वयंचलित तपासणी केंद्रे आली. या केंद्रांच्या मान्यतेचे नियम केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. यंत्राच्या साहाय्याने तपासणी करणारे केंद्र आपल्या राज्यात नाशिक येथे त्याआधीच सुरू झालेले होते. अशा केंद्रांतून तपासणी सक्तीची करण्याच्या तारखा एकापेक्षा अधिक वेळा पुढे गेल्या आहेत. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : आपल्या वाहनाच्या प्रकारासाठी तपासणी आरटीओच्या ट्रॅकवर आहे की स्वयंचलित केंद्रावर, आणि वेळ कोणत्या दिवशीची मिळेल? परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज, शुल्क आणि तपासणीची वेळ या तिन्ही गोष्टी घरबसल्या करता येतात. संगणकाची सवय नसेल तर मुलाबाळांची मदत घ्यावी. घरातल्या शिकलेल्या मुलाने बापाच्या रिक्षाचा अर्ज भरून दिला तर ते शिक्षण सार्थकी लागले असे आम्ही म्हणू.

तपासतात काय?

नियम ६२ मध्येच तपासणीची यादी आहे. ब्रेक, स्टिअरिंग, हेडलाइटचा झोत, मागचे व वळणाचे दिवे, रिफ्लेक्टर, हॉर्न, सायलेन्सर, काचा, वायपर, आरसे, स्पीडोमीटर आणि धूर या त्यांतील मुख्य बाबी होत. वाहनाच्या प्रकारानुसार वेगनियंत्रक, रिफ्लेक्टिव्ह टेप, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक यांचीही भर पडते. शाळेच्या बससाठी राज्याचे २०११ चे स्वतंत्र नियम आहेत.

स्वयंचलित केंद्रावर गाडीची चाके फिरत्या रोलरवर ठेवतात आणि प्रत्येक चाकाला ब्रेक किती जोराने लागतो ते यंत्र मोजते. डाव्या आणि उजव्या चाकाच्या जोरात मोठा फरक असेल तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते. आमच्या मिनीबसचा दोष नेमका हाच होता. हेडलाइटचा झोत किती वर जातो तेही यंत्र दाखविते. झोत वर असेल तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला मात्र पुढचा खड्डा दिसत नाही.

टायरचा नियम साधा आहे. नक्षीची खोली चारचाकी व त्यापेक्षा मोठ्या वाहनाला किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीला ०.८ मिलिमीटर असावी लागते. टायरच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलण्याची वेळ आली असे समजावे.

हे सारे किरकोळ वाटत असेल तर एक हिशेब करून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर मूल आले हे ड्रायव्हरच्या लक्षात येऊन त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढे अंतर संपते. त्यापुढे काय होणार हे ब्रेक आणि टायर ठरवितात.

आधीची तयारी

तपासणीच्या आठ दिवस आधी ओळखीच्या मेस्त्रीकडून गाडी पाहून घ्यावी. ब्रेक, लायनर, सर्व बल्ब, हॉर्न, वायपर आणि टायर एवढे पाहिले तरी बराचसा भाग होतो. आरसी, विमा, पीयूसी, कराची पावती, परमिट आणि मागील योग्यता प्रमाणपत्र एका पिशवीत ठेवावे. ऑनलाइन दंड बाकी आहे का ते पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते, हे विसरू नये.

गाडीत दोष निघाला तर घाबरू नये आणि भांडूही नये. दोष कोणते ते लेखी घ्यावे, दुरुस्ती करावी आणि पुन्हा तपासणीला जावे. परिवहन कार्यालयाचा आदेश अन्यायाचा वाटला तर कलम ५७ प्रमाणे तीस दिवसांच्या आत अपील करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. 'साहेबाचे पाहून घेतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला जादा पैसे देऊन गाडी न दाखविताच कागद आणण्याचा मोह मात्र टाळावा. अशा कागदाने फार तर पोलीस थांबतील, पण उतारावर गाडी थांबणार नाही.

कर्जावरील वाहने

बँकेच्या खिडकीमागे बसून आम्ही जे पाहिले ते आता सांगणे भाग आहे. आपल्या समाजातील अनेक होतकरू तरुण बँकेच्या किंवा महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्जातून रिक्षा, टेम्पो घेतात. पहिले वर्षभर हप्ते वेळेवर येतात. पुढे एखाद्या महिन्यात घरी आजारपण येते, पासिंगचा खर्च पुढे ढकलला जातो आणि गाडी तशीच रस्त्यावर धावते. उशिरासाठी दिवसाला ५० रुपयांचा आकार केंद्राच्या नियमांत आला. त्या हिशेबाने शंभर दिवसांचे पाच हजार होतात. त्याविरुद्ध २०२४ मध्ये राज्यात रिक्षाचालकांनी आंदोलनेही केली. शुल्क व आकार वेळोवेळी बदलत असल्याने भरतेवेळी चालू दर पाहूनच घ्यावेत.

आमच्या ओळखीच्या एका कर्जदाराच्या टेम्पोचा अपघात झाला, तेव्हा पासिंग संपून दोन महिने झाले होते. गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनीने नाकारला. टेम्पो भंगारात गेला, हप्ते मात्र चालूच राहिले. जखमी माणसाची भरपाई कंपनीने आधी द्यावी आणि नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, असे निकालही अशा प्रकरणांत न्यायालयांनी दिलेले आहेत. पासिंगसाठी जे पैसे त्याला जड झाले होते, त्यांच्या कितीतरी पट रक्कम त्याच्या अंगावर आली. म्हणून कर्जदार मित्रांना आमचे सांगणे आहे की, हप्त्याबरोबर दरमहा थोडी रक्कम पासिंग आणि विम्यासाठी वेगळी ठेवावी. पासिंगची तारीख घरातील कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी आणि ती घरच्या बाईमाणसालाही माहीत असावी.

गाडी ठरविताना

सहल असो, वरात असो की चैत्यभूमीचा प्रवास असो, गाडी ठरविणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात. नंबर प्लेट पिवळी व अक्षरे काळी आहेत का? (पांढऱ्या प्लेटची घरगुती गाडी भाड्याने घेऊ नये. विजेवरील भाड्याच्या गाडीची प्लेट हिरवी व अक्षरे पिवळी असतात.) पासिंग आणि विमा परतीच्या दिवसापर्यंत चालू आहेत का? परमिटाप्रमाणे किती माणसे बसू शकतात? टायरची नक्षी शिल्लक आहे का? गाडीचा क्रमांक एम-परिवहन ॲपवर टाकला की पासिंगची आणि विम्याची मुदत दिसते. याला पाच मिनिटेही लागत नाहीत. मालवाहू टेम्पोत तर माणसे कधीच बसवू नयेत, मग भाडे कितीही कमी पडो.

त्या प्रवासापासून मंडळाच्या वहीत आम्ही एक रकाना वाढविला आहे. गाडीचा क्रमांक, भाडे आणि ड्रायव्हरचे नाव यांच्यापुढे आता 'पासिंग केव्हापर्यंत' असे लिहिलेले असते आणि तो रकाना भरल्याशिवाय इसार दिला जात नाही. प्रश्न विचारणाऱ्या आजी आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या रकान्यातून दरवर्षी देत असतो. आपणही आपल्या घरच्या वाहनाचे आरसी बुक आज एकदा उघडून तारीख पाहावी, एवढीच विनंती.