फिरत्या घराची चालती दुरुस्ती

मुळशी तालुक्यातल्या नेऱ्यापासून आकुर्डी तशी जवळच. तिथल्या कारखान्यात बजाज टेम्पोने जर्मन टेम्पो कंपनीच्या आराखड्यावरून मॅटॅडोर बनवली आणि महाराष्ट्रातल्या निदान दोन पिढ्यांची लग्नाची वऱ्हाडं, देवदर्शनं, शाळेच्या सहली तिने वाहिल्या. अशी एखादी जुनी व्हॅन घ्यावी, झोपायला फळी टाकावी, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवावी आणि फिरत राहावं, असं मनात असणारे आता बरेच भेटतात. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण पहिला प्रश्न पैशांचा असतो. सगळं काम एका दमात करायचं म्हणजे गाडी वर्ष-दोन वर्षं शेडमध्ये अडकणार. त्यापेक्षा फिरता फिरता, एकेक काम उरकत गेलं तर?

शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर हा विचार चांगलाच आहे. उभ्या गाडीचं वय जास्त वेगाने वाढतं. बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, रबरी सील सुकतात, डिझेलच्या टाकीत हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचतं, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. शिवाय काही दुखणी भाराखालीच उघडी पडतात. चढावर काळा धूर आला, तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर आला, तर इंजिन ऑइल जळतंय. गरम इंजिनातूनही पांढरा येत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. शेडमध्ये नुसतं इंजिन चालू ठेवून यातलं बरंचसं कळत नाही.

मात्र कामांचा क्रम आपल्या हौसेने ठरवता येत नाही. गाडी घेतली की लोक आधी गाद्या-पडदे करतात, आणि मला याचीच काळजी वाटते.

नेऱ्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाट उतरायचा आहे असं धरा. सामानासह ३ टनांची गाडी ५०० मीटर खाली आली, तर सुमारे दीड कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत ४५ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. हवेचा आणि टायरचा अडथळा त्यातला काही वाटा उचलतो, गिअर खालचा ठेवला तर इंजिनही उचलतं. उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या माथी. ब्रेक ऑइलचा एक वाईट गुण म्हणजे ते हवेतलं पाणी शोषतं, अगदी रबरी पाइपांच्या भिंतींतूनसुद्धा. डॉट-३ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १४० अंशांवर येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय पेडल दाबत जमिनीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. पायथ्याशी पोचून ब्रेक थंड झाले की वाफेचं पुन्हा द्रव होतं, पेडल पूर्वीसारखं कडक लागतं आणि मिस्त्रीला दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून पहिला खर्च ब्रेक ऑइल, रबरी पाइप आणि व्हील सिलिंडरचा. त्याच्याच जोडीला टायर: बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत २३१९ असेल, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेलं असतं.

दुसरा नंबर पत्र्याचा. मुळशीच्या पावसाळ्यात हे काम पुढे ढकलता येत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. दाराच्या खालच्या कडेवर वाटाण्याएवढा फोड दिसला, तर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकेच दाबून पाहा. टोक आत गेलं, तर पत्रा उरलेलाच नाही, वरून लांबी (पुट्टी) भरून उपयोग शून्य. लोखंडी सांगाड्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट केले असतील तर आणखी एक भानगड. दोन धातू आणि मध्ये ओल, की झाला विद्युत घट तयार. त्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. दोन धातूंच्या मध्ये सीलंटचा थर हवाच.

शेगडी त्यानंतर. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळला तर तो जमिनीलगत साचतो, वरच्या खिडकीतून जात नाही. त्यासाठी फरशीपाशी जाळीचं भोक ठेवावं लागतं. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो, तेव्हा ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं कधीही नको.

कागदपत्रांचंही पाहावं लागतं. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. फिरायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवायची, तिचं वेळच्या वेळी नूतनीकरण करायचं आणि मोठे बदल आरटीओच्या परवानगीने करायचे.

कपाटं आणि पलंग शेवटी. ते बसवण्याआधी रिकामी गाडी वजनकाट्यावर न्यावी, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून आकडे लिहून ठेवावेत. १०० लिटरची पाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे बसवली, तर तिचं १०० किलो वजन मागच्या अॅक्सलवर येतंच, शिवाय पुढच्या अॅक्सलवरचा भार कमी होतो. मॅटॅडोरचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. ती हलकी झाली की ओल्या चढावर आधी तीच घसरतात. टाकी दोन्ही अॅक्सलच्या मध्ये, जितकी खाली बसवता येईल तितकी बसवावी.