कुंडीतले वनस्पतिशास्त्र

सहावी-सातवीतल्या मुलाला फुलाचे भाग विचारावेत. तो ते घडाघडा म्हणून दाखवील. मग दारच्या जास्वंदीचे फूल त्याच्या हाती देऊन यातला पुंकेसर कोणता, असे विचारावे. बहुधा तो गोंधळेल. चित्र पाठ झाले, पण फूल पाहायचे राहून गेले. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत या उणिवेत आणखी एक भर पडते. शास्त्रीय शब्द त्यांना हिंदी, गुजराती, कानडी किंवा इंग्रजीतून शाळेत भेटतात. देठ, कोंब, फुटवा, ताणा, मोहोर हे शब्द मात्र घरी कानावर पडले तरच पडतात. ते शब्दकोशातून शिकवता येत नाहीत. हाताला माती लागली असताना ते सहज तोंडी बसतात. या दोन्ही उणिवा भरून काढण्यास गच्चीतल्या चार-पाच कुंड्या पुरेशा आहेत.

प्रारंभ बियांपासून करावा. मूठभर मूग आणि मूठभर हरभरे रात्री भिजत घालावेत. सकाळी मुलाने स्वतः मुगाचे टरफल सोलून दाणा उकलावा. दोन डाळी आणि त्यांच्या सांध्यात दडलेला इवलासा अंकुर दिसला, की ‘द्विदल’ या शब्दाची व्याख्या सांगावी लागत नाही. मग दोन्ही धान्ये वेगवेगळ्या कुंड्यांत पेरावीत. मूग आपल्या डाळी मातीवर उचलून आणतो. हरभरा त्या मातीतच ठेवतो. रोपाला पाने फुटत जातात तशा डाळी सुकत जातात. त्या डाळी म्हणजे रोपाची पहिली शिदोरी. हे उत्तर आईवडिलांनी सांगण्याची घाई करू नये. मुलाला आठवडाभर पाहू द्यावे. उगवलेल्या रोपाची एक कुंडी आडवी करून ठेवावी. दोन-तीन दिवसांत शेंडा वर वळलेला दिसेल.

कोथिंबीर लावताना धने हलकेच रगडून दुभंगावेत, हे आपल्या घरातील स्त्रियांना ठाऊक असते. त्यामागचे कारणही मुलांना सांगावे : धना हे बी नसून फळ आहे आणि त्याच्या प्रत्येक अर्ध्यात एकेक बी असते.

फुलाच्या अभ्यासास एकेरी जास्वंदीसारखे फूल नाही. दुहेरी जास्वंदीत बरेचसे पुंकेसर पाकळ्या होऊन बसतात. ती यासाठी घेऊ नये. पाच पाकळ्यांच्या मधून निघालेल्या दांडीवर पिवळे परागकोश असतात आणि टोकाला पाच गोंडे. तो स्त्रीकेसराचा माथा. आता शेजारच्या कुंडीतले भेंडीचे फूल घ्यावे. रंग निराळा, पण पाच पाकळ्या आणि मधली दांडी तीच. जास्वंद आणि भेंडी एका कुळातल्या, हे मुलाच्या आपोआप ध्यानी येते. स्वयंपाकघरात भेंडी आडवी चिरली की पाच कोनांची चकती आणि तिच्यातले कप्पे त्याने मोजावेत.

दुधी भोपळ्याला मोठा डबा आणि मांडव लागतो, पण त्याचा धडा मोलाचा आहे. ‘फुले येतात आणि गळतात’ ही नेहमीची तक्रार. आधी येतात ती नरफुले, ती गळायचीच. मागाहून येणाऱ्या मादीफुलाच्या तळाशी दुधीचे चिमुकले रूप असते. ही पांढरी फुले सायंकाळी उमलतात. दोन मादीकळ्या उमलण्यापूर्वीच पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधाव्यात. उमलल्यावर एकीवर नरफुलाचे पराग टेकवून पुन्हा बांधावे. दुसरी तशीच बांधलेली ठेवावी. पहिलीचा दुधी बहुधा धरेल, दुसरी पिवळी पडून गळेल. परागीभवन म्हणजे काय, हे ज्या मुलाने असे पाहिले त्याला ते परीक्षेपुरते पाठ करावे लागणार नाही.

शेवटचे झाड कढीलिंबाचे. आपण त्याला कढीलिंब म्हणतो, हिंदीत मीठा नीम, गुजरातीत मीठो लीमडो, कानडीत करिबेवु, तेलुगूत करिवेपाकु. या पाचही नावांत कडुलिंब दडलेला आहे, कारण पानांची मांडणी त्याच्यासारखी दिसते. वनस्पतिशास्त्र मात्र त्याला कागदी लिंबाच्या कुळात बसवते. दोन्हींची पाने उजेडासमोर धरावीत : सुगंधी तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दोहोंत दिसतील. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळीही या दोन्ही झाडांवर येते. ती मारू नये. एक फांदी तिला द्यावी. पुढे ती हिरवी होईल, कोश करील आणि एके दिवशी फुलपाखरू होऊन जाईल. नाव दिसण्यावरून पडते, नाते मात्र बारकाईने पाहिल्यावर कळते, हा शास्त्राचा पहिला पाठ या झाडाकडून घ्यावा.

मुलाला एक वही द्यावी. पेरणीची तारीख, उगवण, रोज वाढलेली उंची आणि एखादे चित्र एवढे तिच्यात पुरे. लिहावे मात्र मराठीत. शब्द अडला तर आजीला विचारावा. एखादे रोप मेलेच, तर पाणी जास्त झाले की ऊन कमी पडले, याचाही विचार वहीत उतरावा. मूग, भेंडी आणि दुधी पावसाच्या आरंभी लावता येतात. हरभरा व धने थंडीत चांगले येतात. खर्च थोडा आहे. लागतो तो वडीलधाऱ्यांचा रोजचा पाव तास आणि उत्तर ओठांवर आले तरी ते मुलाकडून येईपर्यंत थांबण्याचा धीर.