कान आणि घोटा: देवमाशाच्या पूर्वजांचा माग

देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो, तेव्हा त्याचे पूर्वज जमिनीवरचे सस्तन प्राणी असले पाहिजेत, हे उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच ओळखले होते. परंतु ते पूर्वज नेमके कोणते, हे सांगणारे जीवाश्म, म्हणजे खडकांत दगडरूपाने टिकलेले अवशेष, दीर्घकाळ हाती लागत नव्हते. अखेर ते मिळाले भारतीय उपखंडात, भारताचा भूखंड आशियाला भिडत असताना आक्रसत गेलेल्या टेथिस समुद्राच्या परिसरातील गाळाच्या खडकांत.

१९८१ साली फिलिप गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल यांनी उत्तर पाकिस्तानात सापडलेल्या, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याला ‘पाकिसेटस’ हे नाव दिले. हा प्राणी चार पायांवर चालणारा होता, हे पुढे मिळालेल्या हाडांवरून स्पष्ट झाले; तरीही त्याचे देवमाशांशी नाते जुळले ते कानामुळे, कारण मध्यकर्णाभोवतालच्या हाडाची आतली कड जाड आणि भरीव असणे हे आजच्या सस्तन प्राण्यांत केवळ देवमासे व डॉल्फिन यांच्या कुळातच आढळते.

जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवलेले दगड त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसेन यांच्या स्वाधीन केले, आणि त्यांतील ‘इंडोहायस’ या मांजराएवढ्या, हरणासारख्या प्राण्याची कवटी साफ करताना अनवधानाने तुटली, तेव्हा आत नेमकी तीच जाड कड दिसली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात पायांची हाडेही पाणघोड्याप्रमाणे भरीव असल्याचे नोंदवले आहे. अशा वजनदार हाडांमुळे उथळ पाण्यात पाय टेकून वावरता येते. इंडोहायस हा देवमाशांचा थेट पूर्वज नसून त्यांच्या चुलत घराण्यातला आहे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

दातांच्या साम्यावरून अनेक जीवाश्मतज्ज्ञ देवमाशांचे मूळ एका नामशेष मांसाहारी गटात शोधत होते, तर रेणूंच्या तुलनेतून पाणघोडा हा त्यांचा सर्वांत जवळचा हयात नातेवाईक ठरत होता. हा वाद घोट्याने निकालात काढला. गाय, शेळी, हरीण अशा समखुरी प्राण्यांच्या घोट्यातील एका हाडाला दोन्ही टोकांशी कप्पीसारखी खाच असते, आणि तशाच घडणीचे हाड २००१ साली पाकिस्तानातील प्राचीन देवमाशांत आढळल्याचे जाहीर झाले. दात आहारानुसार बदलतात आणि म्हणून फसवू शकतात; पोहू लागलेल्या प्राण्याला मात्र धावणाऱ्याचा घोटा असण्याचे वंशपरंपरेखेरीज दुसरे कारण संभवत नाही.

इजिप्तमधील वादी अल-हितान येथील ‘बॅसिलोसॉरस’ हा १५ मीटरहून लांब देवमासा पूर्णपणे समुद्रवासी होता, तरी त्याला गुडघा, घोटा आणि बोटे असलेले आखूड मागचे पाय होते. आजच्या देवमाशांत कटीची लहान हाडे उरली आहेत, पण ती निरुपयोगी नाहीत, कारण जननेंद्रियांचे स्नायू त्यांनाच जोडलेले असतात. आणि डॉल्फिनच्या गर्भात मागच्या पायांचे अंकुर आजही काही काळ फुटतात व जन्मापूर्वीच विरून जातात.